अंगदुखीच्या गोळीतला झटका

अफू घेतलेला माणूस गळून पडतो, तडफडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन खोलीत झोपवून जायच्या, त्या याच भरवशावर. मूल दिवसभर हलणार नाही. १८९३ साली नेमलेल्या ब्रिटिशांच्या अफू आयोगासमोरही तान्ह्यांना अफू देण्याचा विषय निघाला होता. एखादं मूल संध्याकाळी उठायचंच नाही, पण ते मरण यायचं श्वास मंदावत मंदावत, आवाज न करता.

मग अफूच्याच घराण्यातल्या आजच्या काही वेदनाशामक गोळ्यांनी, आयुष्यात कधी फिट न आलेल्या पंचविशीतल्या पोराला झटके कसे येतात?

मी सालेकशाचा. नकाशात शोधायचं तर महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या कडेला या. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदिया, आमगाव, मग सालेकसा, पुढे दरेकसा, आणि मग छत्तीसगड. कचारगडच्या गुहांमुळे गोंड समाजाच्या लोकांना हा तालुका देशभर ठाऊक आहे, बाकीच्यांना बहुतेक नाही. धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत कंबर वाकवून चिखलात उभं राहायचं आणि रात्री अंगदुखीची गोळी घेऊन झोपायचं, ही सवय आमच्याकडे कुणाला सवय वाटत नाही. आणि कुणाला झटका आला की तो ‘मिरगी’. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं, कुणी दातांत चमचा घालतं. (यातलं काहीही करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना.) एकदा मिरगी हा शब्द चिकटला की लग्न, नोकरी, गाडी चालवणं, सगळ्यावर तो बसतो. पण झटका येण्याआधीच्या रात्री कोणती गोळी, किती घेतली, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो का विचारायला हवा, याचं उत्तर औषधांच्या गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या इतिहासात आहे.

त्या इतिहासाची सुरुवात एका उंदराच्या शेपटीपासून करता येते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत होएख्स्ट इथे ऑटो आयस्लेब नावाचा रसायनतज्ज्ञ पोटातली मुरड सैल करणारं औषध शोधत होता. त्याने बनवलेला एक रेणू ओटो शाउमान यांनी उंदराला टोचून पाहिला, आणि उंदराची शेपटी ताठ होऊन पाठीवर वळली. मॉर्फिन दिलेल्या उंदराची शेपटी अशीच वळते, हे तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. मुरडीचं औषध शोधताना हाती लागलं ते वेदनाशामक. हेच पेथिडिन. १९३९ मध्ये ते आलं आणि त्याच्यासोबत एक आशाही आली: मॉर्फिनसारखं काम करेल, पण मॉर्फिनसारखी सवय लावणार नाही.

सवय लागलीच. जगभर सर्वाधिक लागली ती ज्यांच्या हाताशी ते होतं त्यांना, म्हणजे डॉक्टरांना आणि नर्सना. पण त्याहून वेगळी गोष्ट हळूहळू लक्षात आली. पेथिडिनचे डोस वारंवार घेणाऱ्या माणसाचे हात थरथरायला लागतात, स्नायू आपोआप उडतात आणि मग सरळ फिट येते. कारण यकृतात पेथिडिनचं नॉरपेथिडिन बनतं. पेथिडिनचा असर काही तासांत ओसरतो. नॉरपेथिडिन मात्र कितीतरी जास्त वेळ शरीरात रेंगाळतं, आणि ते वेदना फारशी कमी न करता मेंदूला चेतवतं. दुखणं परत आलं म्हणून पुढचं इंजेक्शन घ्यायचं, तर आधीचं नॉरपेथिडिन अजून आतच असतं. थरावर थर साचत जातो. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी लवकर. १९८३ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांमध्ये हे नीट मोजून दाखवलं. अफूच्या घराण्यात असूनही अफूने कधी केलं नाही ते हे औषध करतं, हे तेव्हा पक्कं झालं.

आता हे सगळं सालेकशाशी कसं जोडलेलं आहे, ते सांगतो. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख लिहिला. आज गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर हा सगळा पट्टा सिकलसेलचा म्हणून ओळखला जातो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत अशी कळ उठते की मोठा माणूस हंबरडा फोडतो. ही कळ महिन्या-दोन महिन्यांनी परत येऊ शकते. आजार जुना झाला की मूत्रपिंडालाही मार बसतो. परदेशात अनेक वर्षं या दुखण्याला पेथिडिन हेच ठरलेलं औषध होतं. वारंवार मोठे डोस आणि कमजोर मूत्रपिंड, म्हणजे फिट येण्यासाठी लागणारं सगळं एका ठिकाणी. नंतर तिथल्या डॉक्टरांनी सिकलसेलच्या रुग्णाला पेथिडिन देणं टाळायला सुरुवात केली.

या लेखात ‘गैरवापर’ हा शब्द अनेकदा येणार आहे, म्हणून सिकलसेल आधी सांगितला. सगळेच लोक मजेसाठी गोळ्या खात नाहीत. काहींचं खरंच दुखत असतं.

दुसरं औषध तुमच्या आईवडिलांच्या पिढीने नक्की पाहिलेलं आहे: डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीने ते डार्व्हॉन नावाने आणलं. पुन्हा तेच आश्वासन, कोडीनसारखं पण त्याहून निर्धोक. आपल्याकडे ते प्रसिद्ध झालं स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉन या निळ्या कॅप्सूलमध्ये. बनवणारी वोक्हार्ट कंपनी मुंबईची. पोटात मुरडा आला, पाळीत पोट दुखलं की ही कॅप्सूल. तिकडे ईशान्य भारतात, विशेषतः मिझोरम, मणिपूर आणि नागालँडमध्ये, तरुण पोरं हीच कॅप्सूल फोडून, आतली पूड पाण्यात कालवून शिरेत टोचत होती. ती पूड टोचण्यासाठी बनवलेलीच नव्हती. शिरा बुजायच्या, गळवं व्हायची, हातपाय कापायची वेळ यायची. आणि डोस जास्त झाला की फिट. या औषधाच्या मोठ्या डोसात श्वास मंदावणं, हृदयाची लय बिघडणं आणि झटके येणं, तिन्ही एकदम होऊ शकतं. ब्रिटनने २००५ मध्ये ते मागे घ्यायचं ठरवलं, अमेरिकेने २०१० मध्ये, भारताने मे २०१३ मध्ये बंदी घातली.

बंदीने मागणी संपत नाही. त्या कॅप्सूलची जागा घ्यायला एक औषध तयारच होतं, आणि खरी गोष्ट त्याचीच आहे.

ट्रॅमाडॉल. जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीत ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बनलं. हीच ती थॅलिडोमाइडवाली कंपनी, जिच्या औषधामुळे हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. ट्रॅमाडॉल पश्चिम जर्मनीत बाजारात आलं १९७७ मध्ये. त्याच्याबद्दल सांगितलं जायचं की हे अफूच्या कुळातलं असलं तरी निम्मंच. आणि ते खरंही होतं. ट्रॅमाडॉल स्वतः अफूच्या खाचेत फारसं नीट बसत नाही. यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी-२डी६, त्याला थोडं कापतं, आणि त्यातून जो नवा रेणू निघतो तो मात्र त्या खाचेत घट्ट बसतो. उरलेलं ट्रॅमाडॉल दुसरंच काम करतं: सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं मेंदूत जास्त वेळ तरंगत ठेवतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या करतात तसं. म्हणजे एका गोळीत दोन औषधं.

सुरुवातीच्या चाचण्यांत, याचं व्यसन लागतं का हे पाहताना, ते बरंचसं इंजेक्शनने दिलं गेलं. इंजेक्शनने औषध यकृताला वळसा घालून आधी रक्तात पसरतं, त्यामुळे अफूसारखा तो नवा रेणू सावकाश बनतो आणि नशा बेताचीच वाटते. तोंडाने गोळी घेतली तर ती पोटातून पहिल्यांदा यकृतातच जाते. जगभर लोक गोळ्याच खाणार होते, आणि निर्धोकपणाचा शिक्का मिळाला होता इंजेक्शनवर. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टेस्टिंग एका पद्धतीने झालं आणि वापर दुसऱ्याच पद्धतीने झाला तर काय होतं, ते आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. फक्त आमच्याकडे सर्व्हर पडतो.

अमेरिकेने १९९५ मध्ये ट्रॅमाडॉलला परवानगी दिली, तीही अमली पदार्थांच्या कुठल्याही यादीत न टाकता. पुढच्याच वर्षी डॉक्टरांना इशारा द्यावा लागला: रुग्णांना फिट येताहेत, आणि लोक गैरवापरही करताहेत. यादीत जायला मात्र २०१४ उजाडलं.

फिट का येते? ज्या गुणामुळे ट्रॅमाडॉल मॉर्फिनहून वेगळं आणि म्हणून निर्धोक ठरलं होतं, त्याच गुणामुळे. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा तो दुसरा खेळ डोस वाढला की मेंदूला चेतवायला लागतो. शिवाय मोठ्या डोसात ते मेंदूच्या ब्रेकलाही, म्हणजे गाबा नावाच्या यंत्रणेलाही ढिलं करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. मॉर्फिनकडे हा दुसरा हात नाही. म्हणूनच अतिडोसावरचं ठरलेलं औषध नॅलोक्सोन इथे अर्धंच उपयोगी. ते मंदावलेला श्वास परत आणतं, पण फिट थांबवत नाही, आणि ट्रॅमाडॉलच्या अतिडोसात त्याने फिटचा धोका वाढू शकतो, हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच आहे.

दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही ट्रॅमाडॉलची नेहमीची कमाल मर्यादा. नशेसाठी घेणारा ती सहज ओलांडतो, कारण सवय झाली की शरीर अफूच्या बाजूला निबर होतं आणि गोळ्या वाढत जातात. पण झटक्याच्या बाजूला शरीर तसं निबर होईल याचा काही भरवसा नाही. वर दारू असेल, अमिट्रिप्टिलिन किंवा फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी चालू असेल, डोक्याला पूर्वी मार लागला असेल, तर कमी डोसातही फिट येऊ शकते. तुमच्या घरातल्या डब्यात अल्ट्रासेट असेल तर बघा, एका गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दहा-बारा गोळ्या एकदम घेणाऱ्याचा मेंदू एकीकडे आणि यकृत दुसरीकडे, दोन्ही पणाला लागतात.

एक गैरसमज आमच्या भागात पक्का आहे, आणि तो दारूमुळे झाला आहे. रोज पिणारा माणूस अचानक दारू सोडतो तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते, हे खरं आहे. त्यावरून लोक धरून चालतात की गोळ्यांचंही तसंच असणार: पोराने गोळ्या सोडल्या म्हणून झटका आला, तर द्या परत एक गोळी. अफू किंवा हेरॉइन सोडताना अंग मोडून येतं, हगवण लागते, झोप उडते, पण मोठ्या माणसाला फिट सहसा येत नाही. ट्रॅमाडॉलची फिट तर बहुतेकदा घेतल्यावर येते, चोवीस तासांच्या आत, अनेकदा पहिल्या सहा तासांतच. एकच येते, थोडाच वेळ टिकते, आणि नंतर मेंदूच्या तपासण्या नॉर्मल निघतात. मग डॉक्टर मिरगी समजून वर्षानुवर्षांची औषधं सुरू करून देतात आणि खिशातली पट्टी खिशातच राहते. खरं सांगितलं तर घरी कळेल, पोलीस येतील, ही भीती असते. म्हणून पोरगं डॉक्टरलाही सांगत नाही.

इराणमध्ये हे इतकं झालं की तेहरानच्या लुकमान हकीम रुग्णालयातल्या विषबाधा विभागातून ट्रॅमाडॉल आणि फिट यांच्यावर कितीतरी शोधनिबंध निघाले. रुग्ण बहुतेक तरुण पुरुष.

मला मात्र यातली सगळ्यात ओळखीची वाटलेली गोष्ट आफ्रिकेतल्या कॅमेरूनची आहे. २०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की तिथल्या एका औषधी झाडाच्या मुळांत ट्रॅमाडॉल सापडलं. कारखान्यात बनलेला रेणू निसर्गात आधीपासूनच होता, अशी मोठी बातमी झाली. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तर निघालं भलतंच. उत्तर कॅमेरूनमधले शेतकरी उन्हात थकवा न जाणवता नांगरता यावं म्हणून स्वतः ट्रॅमाडॉल घेत होते आणि बैलांनाही देत होते. बैलांच्या मूत्रातून ते मातीत गेलं, मातीतून मुळांत. ही गोष्ट वाचताना मला रोवणीच्या बांधावर पदराच्या गाठीतून निघणारी गोळी दिसते. आमच्या बांधावरच्या गोळ्या बहुतेक पॅरासिटामॉल नाहीतर डायक्लोफिनॅकच्या असतात, पण घेण्याचं कारण तेच. उद्याही उभं राहायचं असतं.

कॅमेरूनमधल्या त्या गोळ्या कुठून येत होत्या, हे प्रत्येक गोळीबद्दल सांगता येणार नाही. पण आफ्रिकेच्या बाजारात स्वस्त ट्रॅमाडॉल ओतणाऱ्या देशांत भारत पुढे होता. २०१७ च्या मे महिन्यात इटलीत जेनोआ बंदरात ३ कोटी ७० लाख गोळ्या पकडल्या गेल्या, नोव्हेंबरमध्ये जोया तावरो बंदरात २ कोटी ४० लाख. दोन्ही साठे भारतातून निघालेले, दोन्ही लिबियाकडे चाललेले.

भारतात तोवर ट्रॅमाडॉल मोकळं होतं. यामागेही एक इतिहास आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा इतका कडक होता की रुग्णालयांना मॉर्फिन ठेवायला एकामागून एक परवाने लागायचे. बहुतेकांनी ते ठेवणंच सोडलं. कर्करोगाच्या रुग्णांना वेदनेत मरू देणारा हा कायदा २०१४ मध्ये थोडा सैल झाला. मधल्या तीस वर्षांत मॉर्फिन जिथे पोचत नव्हतं तिथे ट्रॅमाडॉल पोचलं, कारण त्याला परवाना लागत नव्हता. सालेकशासारख्या ठिकाणी सिकलसेलच्या कळेवर डायक्लोफिनॅकच्या वरची पायरी म्हणजे तेच. मार्च २०१४ पासून ते ‘एच-वन’ यादीत आलं, म्हणजे मेडिकलवाल्याने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएसखाली आलं. २०१९ मध्ये एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण जाहीर झालं, त्यात अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत असा अंदाज निघाला. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्र आहे.

ट्रॅमाडॉल आवळलं गेलं तशी टॅपेन्टाडॉलची वेळ आली. बनवणारी मूळ कंपनी पुन्हा ग्रुनेन्थालच. ट्रॅमाडॉलहून जोरदार, यकृताने कापण्याची वाट न पाहणारं, सेरोटोनिनचा खेळ कमी पण नॉरॲड्रेनॅलिनचा कायम. फिट येऊ शकते हा इशारा त्याच्याही माहितीपत्रकात आहे. अमेरिकेत ते २००८ मध्ये मंजूर झालं आणि तिथल्या कडक यादीत गेलं. भारतात २०११ मध्ये आलं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून.

आणि इथे गोष्ट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या पालघरमधल्या कारखान्यात टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकाच गोळीत घालून ती गोळी घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टला पाठवली जाते. कॅरिसोप्रोडॉल म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, युरोपच्या औषध नियामकाने २००७ मध्येच थांबवायला सांगितलेलं. शरीरात त्याचं मेप्रोबामेट बनतं, आणि त्याची सवय लागून ते अचानक तुटलं तर दारूसारखीच फिट येऊ शकते. म्हणजे या जोडगोळीत घेतानाही झटका आणि सोडतानाही झटका. वर, दोन्ही मिळून श्वास मंदावतात. ही जोडी जगात कुठेही मंजूर नव्हती. घानातल्या तमाले शहरात या गोळ्यांनी इतका उच्छाद मांडला होता की सुमारे शंभर स्वयंसेवक एकत्र येऊन विक्रेत्यांवर छापे घालत होते आणि पाकिटं जाळत होते. जळणाऱ्या पाकिटांवर एव्हिओचं चिन्ह होतं. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीच्या एका संचालकाने कबूल केलं की हे आरोग्याला फार घातक आहे, पण आजकाल धंदा हाच.

बातमीनंतर सरकार झपाट्याने हललं. २१ आणि २२ फेब्रुवारीला केंद्र आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनी कारखान्याची तपासणी केली. सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल आणि कच्च्या मालाच्या २६ बॅच अडकवल्या, उत्पादन थांबवलं, घानाकडे निघालेला माल मुंबई विमानतळावर रोखला. या जोडीच्या निर्यातीच्या सगळ्या परवानग्या देशभर मागे घेतल्या गेल्या. त्याच सरकारी निवेदनात हेही लिहिलेलं होतं की टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल ही दोन्ही औषधं भारतात वेगवेगळी मंजूर आहेत, आणि दोन्हीपैकी एकही एनडीपीएसच्या यादीत नाही.